बाटलीतला पुरावा

आता काय सांगू तुम्हाला! पंचवीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, आणि अब्रू गेली ती एका बाटलीपायी.

भाचीचं लग्न होतं मोडनिंबला. नवरीला मांडवात आणायचं ते मामानं, म्हणजे अस्मादिकांनी! सोलापुरातनं आम्ही नवरा-बायको आमच्या जुन्या बाईकवर निघालो. मोहोळजवळ पेट्रोल भरलं. जेमतेम अर्धा किलोमीटर गेलो असू, गाडी बंद!

"पाणी घातलंय पेट्रोलात!" मी गरजलो आणि गाडी ढकलत पंपावर परत आणली.

"अहो, मुहूर्त!" बायको कळवळली. पण केमिस्ट्रीचा माणूस ऐकतोय व्हय?

अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेतली, निम्मी ओतून दिली. उरलेल्या पाण्याच्या पातळीवर बाटलीला पेनानं रेघ मारली, वर पेट्रोल घालायला लावलं आणि खळाखळा हलवली. जरा थांबून बघतो तर खालचं पाणी रेघेच्या वर!

"बघा लोकहो! हे जास्तीचं पाणी आलं कुठनं?"

गर्दी जमली. दोघातिघांनी पैसे परत मागितले. मला तर असं स्फुरण चढलं म्हणता!

तेवढ्यात पंपाचा मिशाळ मॅनेजर आला आणि थेट माझ्या पाया पडला.

"सर, मी सिद्धाराम, तुमचा विद्यार्थी. पाणी न्हाय वाढलं, सर. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतंय, ते पाण्यात उतरलं. उसाचं अल्कोहोलच की ते. तुमीच शिकवलंय न्हवं!"

"मग गाडी का बंद पडली?"

तो वाकला. "टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद हाय, सर."

पेट्रोल भरताना मीच बंद केला होता! विषय बदलावा म्हणून विचारलं, "बारावीला किती मार्क होते रे तुला?"

"नापास केलं हुतं की तुमी."

तिथनं जो सुटलो, तो मांडवातच. शेवटचं मंगलाष्टक चाललेलं. नवरीला शेजारचे काका घेऊन आले होते. मी घामाघूम, डोळे लाल, केस पिंजारलेले, आणि घाईत कोटाच्या खिशात कोंबलेली ती बाटली बाहेर डोकावतेय!

नवरीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रडवेली झाली. "दादा, आजच्या दिवशी तरी नको होतं रे!"

बायको सगळं सांगू शकली असती. पण ती शांतपणे अक्षता टाकत राहिली.

मग मीच बोललो. सगळ्या व्याह्यांसमोर, वर्गात सांगावं तसं ठणकावून, "अगं, यात फक्त वीस टक्केच अल्कोहोल आहे!"