मनमानी तरंग जनित्र

आमच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत एका कपाटावर पाटी होती : ‘मनमानी तरंग जनित्र’. मराठी पंधरवड्यात कुणीतरी आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटरचं हे भाषांतर केलं आणि विभागप्रमुख सरांनी ते न वाचता सही करून लावलं. आपल्याला हवी ती लहर काढून देणारं यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. पण सरांच्या ओळखीचा शब्द मनमानी हाच. मी तेव्हाही निषेधाची पत्रकं लिहायचे, माझ्या निम्म्या पत्रकांचा मथळाही तोच असायचा.

तीन वर्षांत ते यंत्र बाहेर आलं ते फक्त दसऱ्याला. हळदकुंकू, झेंडूचा हार, सरांचा फोटो, पुन्हा कुलूप. त्यावरचे प्रयोग आम्ही आधीच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवले, चुकांसकट. सरांनी तपासले, चुकांसकट.

शेवटच्या वर्षी माझी प्रोजेक्टची जोडीदारीण ते यंत्र बाहेर काढा म्हणून अडून बसली. ती घाटंजीकडची. त्यांच्या विहिरीवरची मोटार खराब लाइनमुळे दोनदा जळाली होती, म्हणून तिने लाइन बिघडताच मोटार बंद करणारं सर्किट बांधलं. वावरातल्या लाइनची लहर मोजून ती पेनड्राइव्हवर घेऊन आली होती : टोकं बसलेली, वाकडीतिकडी. वावर काही प्रयोगशाळेत आणता येत नाही. ती लहर त्या यंत्रातून सर्किटला दिली तरच सर्किट खरं की खोटं ते कळणार होतं, आणि त्यावरच आमचं दोघींचं पास-नापास होतं.

“साधी गुळगुळीत साइन वेव्ह दे ना,” सर म्हणाले. “परीक्षक काय तुझं वावर पाहाले येऊन राह्यले?”

“सर, साइन वेव्हनं मोटार जळत नाही.”

“मनमानी चालणार नाही इथं.”

पाटीखाली उभं राहून म्हणाले हे. हसूही आलं नाही त्यांना.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी कपाट उघडायला लावलं. सरांनी ऐटीत वायरी जोडल्या. लहर दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर सरळ रेघ. सरांनी यंत्राला दोन चापट्या मारल्या. प्रयोगशाळेतले परिचर काका मागून म्हणाले, “सर, मारू नका त्याले. त्या भोकात कुंकू हाय. दरसाली तुमीच बोट घालता ना तिथं.”

काकांनी स्पिरिटच्या बोळ्याने आउटपुटचं तोंड पुसलं. बोळा लाल झाला. जोडीदारिणीने कुणाला न विचारता पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर तिच्या वावरातली वाकडी लहर धावू लागली. सर्किटचा रिले, म्हणजे मोटार तोडणारा स्विच, टक्‌ करून पडला.

“लहर आत कशी राहते?” बाईंनी सरांना विचारलं.

“मेमरीत, मॅडम. पूर्ण लहर असते.”

बाईंनी मान तिच्याकडे वळवली.

“लहर नसते मॅडम, नुसते आकडे असतात,” ती म्हणाली. “लहरीचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची उंची एक आकडा. ते ओळीनं मेमरीत ठेवायचे. आतलं घड्याळ टिकटिक करते, दर टिकटिकीला एक आकडा बाहेर. त्याचं व्होल्टेज होते. पायऱ्या पायऱ्या दिसतात त्या फिल्टरनं घासून काढायच्या. आकडे सरले की पुन्हा पयल्यापासून. घड्याळ जोरात केलं की तीच लहर जोरात.”

सर ऐकत होते. बहुधा पहिल्यांदाच. पण गप्प बसतील तर ते सर कसले. त्यांनी बटण दाबून स्वच्छ साइन वेव्ह लावली. रिले हलला नाही.

“पाहा मॅडम,” सर म्हणाले, “बंद नाही पडलं. फेल आहे सर्किट.”

बाईंनी चष्मा काढला. “चांगल्या लाइनवर मोटार बंद पाडायची होती का सर?”

काका तोंड फिरवून खिडकी पुसू लागले. बाईंनी तिथंच आमचे गुण लिहिले. दोघी पास झालो, ती चांगल्या गुणांनी.

बाई गेल्यावर सरांनी फर्मावलं, “ते तुमचं वावर मशीनमधून पुसून टाका.” मी म्हटलं, “तुम्हीच पुसा ना सर, आमच्या हातून काही बिघडलं तर?” त्यांना पुसता येत नव्हतं. आम्ही शिकवलं नाही.