त्या रविवारी लॅब उघडी होती

नऊ वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी वळसा घालून टाळत आले. आज सांगतेय, कारण गेल्या महिन्यात लोकांनी माझ्या अंगावर शाल घातली आणि मी ती घालून घेतली.

संताप झालाय माझा. शाल देणाऱ्यांवर नाही — त्या बिचाऱ्यांना काय माहीत? सूत्रसंचालक म्हणाला, "भिवंडीसारख्या ठिकाणी इंटिरियर डिझाइनच्या मुलींना डिजिटल तंत्र शिकवणाऱ्या पहिल्या शिक्षिका." भिवंडीसारख्या ठिकाणी — म्हणजे काय हो? लूमच्या गावात पोरींना डोकं नसतं? तेवढ्यावर तरी मी उठून बोलायला हवं होतं. मी हसले. नमस्कार केला. टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये एकही माझी नव्हती.

जरा मागून सांगते. नीट सांगायला हवं.

मी हाताने ड्रॉइंग शिकलेली बाई. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, ब्लेडने काढलेलं पेन्सिलीचं टोक — हे माझं. कल्याण रोडवरच्या आमच्या संस्थेत पंधरा वर्षं तेच शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. तिथे खोटी नम्रता नको. मग संस्थेने लेझरचं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर काढलेली रेघ ते प्लायवर जशीच्या तशी कापतं. नारळ फुटला, फीत कापली, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मशीनचा फोटो आला. मला पाच दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं.

त्या पाच दिवसांत मला काही कळलं नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी सुटली होती. आजूबाजूला माझ्या निम्म्या वयाची मुलं, भराभर बोटं चालवणारी. मी मान डोलवत बसले. प्रमाणपत्र घेऊन आले आणि डिजिटल लॅबची प्रमुख झाले. "सर, मला जमलं नाही, पुन्हा पाठवा" — एवढंच तर म्हणायचं होतं. पण चाळिशी उलटलेल्या बाईने, जी वर्गात आली की पोरी उठून उभ्या राहतात तिने — छे. बघा, लागले मी कारणं द्यायला. मला येत नव्हतं आणि येतंय असं मी दाखवलं. दोन वर्षं. अडलं की लॅबच्या बाहेर जाऊन मशीन बसवणाऱ्या टेक्निशियनला फोन करायचा, आत येऊन त्याचंच वाक्य स्वतःचं म्हणून फेकायचं.

आणि मग माझ्या वर्गात करिश्मा आली.

करिश्मा भोईर. खारबावची. वडिलांची जमीन गोदामांत गेलेली, आणि त्यातल्याच एका गोदामाच्या गेटवर त्यांची ड्युटी. पोरगी बारीक, काळीसावळी, कायम पहिल्या बाकावर. घाईत बोलली की तोंडातून "न्हाय" निघायचं. मी भर वर्गात तिला थांबवून म्हणायला लावायचे — "‘नाही’ म्हण. ‘नाही’." वर्ग हसायचा. ती म्हणायची, "नाही." हेही माझंच, लिहून ठेवते.

दिवाळीच्या सुट्टीत ती कोन गावातल्या एका फर्निचर कारखान्यात रोज जाऊन बसायची. तिथे लाकूड कापायचं मोठं मशीन होतं आणि ते चालवणारा एक उत्तर प्रदेशचा मिस्त्री होता. सुट्टीनंतर तिनेच मला आनंदाने सांगितलं, "मॅडम, ते मिस्त्री म्हणतात, मशीन जितना खाता है, उतना छोड़ना पड़ता है." मी "हो, बरोबर" म्हटलं. मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

दुसऱ्या वर्षाचं काम होतं घडीचं पार्टिशन. खोलीत आडोसा म्हणून ठेवतात ना, तसं, निम्म्या मापाचं. खिळा नाही, गोंद नाही. प्लायचे तुकडे कापायचे, त्यांना खाचा ठेवायच्या आणि एकमेकांत अडकवून उभं करायचं. मी फळ्यावर लिहिलं: प्लाय सहा मिलिमीटर, म्हणून खाच सहा मिलिमीटर. करिश्माने हात वर केला. "मॅडम, पण लेझर पण थोडं लाकूड जाळतो ना? आणि हा प्लाय मोजला तर सहापेक्षा कमीच भरतो. मग खाच सैल नाय होणार?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "आधी रेघ सरळ काढायला शिक, मग मला शिकव."

ती खाली बसली. पण ऐकलं नाही तिने, आणि बरं केलं. एका शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे आली — मॅडम, उद्या लॅब उघडाल? मला एक करून बघायचंय. मला तपासायला पेपर होतेच. रविवारी मी आले, कुलूप काढलं, कोपऱ्यात पेपर घेऊन बसले. तिने आधी प्लायचा एक लहानसा तुकडा कापला. फणीसारखा. दोन दात्यांमधली प्रत्येक खाच आधीच्यापेक्षा केसभर अरुंद. मग प्रत्येक खाचेत प्लाय सरकवून बघत गेली — सैल, सैल, जरा सैल — आणि एका खाचेत तो टक्कन बसला. तिने ती फणी आणून माझ्या हातात दिली. "बघा मॅडम. ही खाच धरायची." मग त्या मापाने अख्खं पार्टिशन कापलं. दुपार झाली होती. जाताना रजिस्टरमध्ये सही करायला पेन मागितलं. मीच म्हटलं, "राहू दे, सुट्टीच्या दिवशी लॅब उघडायची परवानगी नाही. उगाच विचारतील."

हे लक्षात ठेवा. मीच म्हटलं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. हॉलमध्ये सगळ्यांची पार्टिशनं मांडलेली — म्हणजे मांडलेली कसली, टेकवलेली. हात लागला की डुगडुगायची. दोन तर परीक्षकांच्या समोर आडवी झाली. करिश्माचं तेवढं ताठ उभं. परीक्षकांनी ते उचललं, हलवलं, उलटं केलं. एक तुकडा निसटला नाही. मग प्राचार्यांच्या देखत मला विचारलं, "हे एवढं छान जमलंय. मग बाकीच्यांना काय शिकवलंत तुम्ही?"

मी म्हटलं, "सर, हे तिने बाहेरून कापून आणलंय. कोनच्या कारखान्यात ओळख आहे तिची."

बस. एवढंच. विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत होते! खोटं आहे ते. करिश्मा म्हणाली, "न्हाय मॅडम! तुमच्यासमोर कापलं मी. तुमीच तर लॅब उघडून दिली!" आणि मला नीट आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं: सही नाही. रजिस्टरमध्ये सही नाही. प्राचार्यांनी रजिस्टर मागवलं. पान उघडलं. रविवारी लॅब बंद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली — पाहिलंत ना, अशी. दुसऱ्या दिवशी तेच त्यांना लेखी दिलं. माझ्या सुंदर अक्षरात.

काम रद्द झालं. तिला वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. तिचे वडील आले. गेटवरचा निळा युनिफॉर्म तसाच अंगावर होता, शिफ्ट सोडून आलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, माझी पोर खोटं बोलाची न्हाय कवा. पन तुमी शिकवनाऱ्या. तुमी कशाला खोटं बोलाल?" मी खिडकीबाहेर बघत होते. "तुमी म्हनता तं तसंच असंल," म्हणाले, आणि बाहेर उभ्या असलेल्या पोरीला घेऊन गेले. ती परत आली नाही.

तुम्हाला वाटेल, हाच गुन्हा. थांबा.

ती फणी माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. तिची फाइल लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये होती. पुढच्या वर्षी नवीन बॅच आली आणि मी त्यांना फणी कापायला शिकवली. आधी तुकडा कापा, माप तपासा, मग काम करा. पोरींची पार्टिशनं उभी राहिली. स्टुलं उभी राहिली, शेल्फं उभी राहिली. पोरी तिला ‘मॅडमची फणी’ म्हणायला लागल्या आणि मी म्हणू दिलं. दुसऱ्या कॉलेजांतून बोलावणी आली, शिक्षणात डिजिटल तंत्र कसं आणावं यावर बोलायला. मी गेले. मंचावरून सांगायचे, "विद्यार्थ्यांना चुकू द्या, प्रश्न विचारू द्या." लाज कशी नाही वाटली? कुणी एकानेही उठून विचारलं नाही, बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आणि विचारलं असतं तर — खोटं सांगायला मी तयारच होते.

शाल मिळाल्यावर आठ-दहा दिवसांनी मुलींना घेऊन पडघ्याला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. हायवेला लागून आहे, हॉटेलांचं फर्निचर बनतं तिथे. मालक म्हणाले, आमच्या मशीन विभागाच्या मॅडम दाखवतील. कानावरचे हेडफोन खाली करत करिश्मा आली.

तिने मला लगेच ओळखलं. "बसा मॅडम," म्हणाली, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मग मुलींना मशीन दाखवायला लागली. काय सुंदर समजावत होती! आवाज न चढवता, प्रत्येकीला हात लावू देत. शेवटी म्हणाली, "घाई नाय करायची. पहिलं एक लहान तुकडा कापून बघायचा, फणीसारखा —" आणि माझी एक विद्यार्थिनी उत्साहाने ओरडली, "हे आम्हाला येतं ताई! ही आमच्या मॅडमची फणी. मॅडमनीच शोधलीय!"

करिश्माने माझ्याकडे पाहिलं. मशीन बंद होतं, वर्कशॉपमध्ये शांत होतं. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

"हो का?" ती म्हणाली. "बरंय."

आणि मी गप्प बसले. नऊ वर्षांपूर्वी निदान भीती होती. आता कसली होती? कोण मला काय करणार होतं? वीस पोरींसमोर तिची वस्तू दुसऱ्यांदा चोरली मी, चहा पीत.

चार दिवसांनी एकटी गेले. तिला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. म्हटलं, तू खरं बोलत होतीस. मी खोटं बोलले.

"मला काय सांगताय मॅडम?" ती म्हणाली. "मी तिथेच होते ना."

मग म्हणाली, "बाबांना सांगा. ते अजून तुमचंच धरून आहेत. मला कधी बोलले नायत. पण माझ्या धाकट्या बहिणीला बारावीच्या पुढे नाय पाठवलं. म्हणाले, एकीने लावले तेवढे दिवे पुरे." एवढं बोलून तिने हेडफोन कानावर चढवले.

धाकटी बहीण. तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी सगळं लिहून प्राचार्यांकडे दिलं. आताचे प्राचार्य नवीन आहेत. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "मॅडम, दोन वर्षांनी रिटायर होताय. कशाला आता? संस्थेचं नाव आहे." मी केवढी चिडले! एका मुलीचं आयुष्य, आणि ह्यांना नावाची पडलीय? जिना उतरताना लक्षात आलं, तो कागद माझ्याच पर्समध्ये परत आला होता आणि मला हायसं वाटत होतं. तशीच मागे फिरले. आवक नोंदीचा शिक्का मारून घेतला आणि एक प्रत त्या परीक्षकांच्या पत्त्यावर धाडली.

मग खारबावला गेले. घर विचारत विचारत. करिश्मा ड्युटीवर होती. वडील पडवीत बसले होते, केस पांढरे झालेले. ओळखलं त्यांनी. उठून उभे राहिले — माझ्यासाठी उभे राहिले — आणि आतून पाणी मागवलं.

मी उभ्यानेच सांगितलं. शब्द गाळला नाही. ते ऐकत होते. संपल्यावर एवढंच विचारलं, "म्हंजे त्या रविवारी ती तुमच्याकंच होती?"

"हो."

"दार तुमी सोता उघडलं?"

"हो."

ते आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग त्यांची बायको दारात आली. पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच होता. म्हणाली, "तुमी आता जावा. करिश्मा यायची येल झाली. तिला बघून हे रडतील, तवा परकं मानूस नको हितं."

मी निघाले.