वाघोबाच्या टेकडीवरचा मनोरा

आदरणीय अनंतरावांची आणि माझी पहिली भेट चारोटी नाक्यावरच्या टपरीत झाली. तलासरीजवळच्या टेकडीवर आपत्कालीन बिनतारी संदेशांचा मनोरा उभा राहत होता. तो हायड्रोजनवर चालवण्याची जबाबदारी सरांकडे होती. मी नवखी तंत्रज्ञ. "हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की वीज मिळते, मागे उरतं पाणी. एवढं पाड्यावर समजावता आलं, तर उद्यापासून या," असे म्हणून त्यांनी भजीची बशी माझ्यापुढे सरकवली. झाली मुलाखत!

सर मितभाषी, पण एकदा ठरवले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. सपाट जागा पाहून आम्ही सिलिंडरचा पिंजरा वाघोबाच्या शिळेलगत बांधला होता. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी तिथे या वाघदेवापुढे दिवे लावतात, आणि हायड्रोजनजवळ ज्योत चालत नाही. वरून निरोप आला, शिळा हलवा. पाड्यातले वयोवृद्ध रूपजीकाका म्हणाले, "देवाला हलवाल, तं तुमचा खांब राहील काय?" सर त्यांच्याशेजारी मातीत बसले. "काका, देव आधी आला, आम्ही मागून. आम्हीच सरकतो." पाऊस तोंडावर असताना बांधलेला चौथरा फोडून पिंजरा टेकडीच्या दुसऱ्या अंगाला नेला. आम्ही पार घायकुतीला आलो. सर मात्र स्वतः घमेली उचलत होते.

नारळी पौर्णिमा झाली, धाकटी डहाणूच्या बोटी समुद्रात गेल्या, आणि वादळ उठले. वीज गेली, रस्ता खचला, वरचा हायड्रोजन संपत आला आणि नव्या सिलिंडरची गाडी पायथ्याशी अडकली. मनोरा मुका झाला तर बोटींना परत बोलावणार कोण? तेव्हा रूपजीकाका पाड्यातली माणसे घेऊन खाली उतरले. आजाऱ्याला झोळीतून नेतात तसे त्यांनी सिलिंडर बांबूला बांधून वर चढवले. मनोरा बोलत राहिला. सगळ्या बोटी परतल्या.

देव हलवला असता, तर त्या दिवशी पाड्यातून कोण आले असते? हा विचार आला की आजही माझे डोळे भरतात.

गेल्या वाघबारशीला धाकटी डहाणूच्या जनाबाई नवऱ्याला घेऊन टेकडीवर आल्या. तेही त्या वादळातून परतलेले. "आम्ही दर्याची माणसं, पन माझा धनी या डोंगरानं परत दिला," म्हणत त्यांनी शिळेपुढे नारळ फोडला. सर त्यांच्या मागे, हात जोडून उभे होते.

सरांना पंचाहत्तरीनिमित्त साष्टांग नमस्कार. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. दर वाघबारशीला त्यांनी ही टेकडी आमच्या आधी चढावी, आणि वर दिवा लागलेला असावा.