गाणारा माणूस पडलाय

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे "ही बाई असल्याच गोष्टी शोधत असते" असं कुणाला वाटायला नको. मी केमिस्ट. तेव्हा शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोल बघायचे. एकाच डब्यातल्या रंगाचे दोन वेगळे रिझल्ट आले तर मी आधी मशीन तपासते, मग चष्मा पुसून परत बघते. दैवावर ढकलून मोकळं व्हायची सवय मला नाही. माहेरी पुण्याला देवघर होतं, संध्याकाळी दिवा लागायचा, पण अंगात येणं, शकुन-अपशकुन हे विषय वडिलांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत.

तरी हे लिहितेय. आणि गंमत अशी, की अनुभव माझाच आहे, पण तो मला आलाच नाही. कसं, ते वाचा.

१९९९ साल. आम्ही शारजात अल नहदाला राहायचो. बाल्कनीतून दिसणारा रस्ता ओलांडला की दुबई, पण तो ओलांडायला माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, रोज सकाळी जीव जायचा. ऑफिस, गाडी, ट्रॅफिक, घर, झोप. वजनं वाढली होती, चिडचिड वाढली होती. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर फ्रान्सिस राहायचा. मूळचा वसईचा, दुबईतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. उंचापुरा, गडगडाटी हसणारा आणि सतत गाणारा! वसईच्या लग्नातली गाणी, चर्चमधली, जुनी हिंदी... लिफ्ट येण्याआधी फ्रान्सिसचा आवाज यायचा. त्याने कुठूनतरी सेकंडहँड सायकली पैदा केल्या आणि एका शुक्रवारी आमच्या दारात उभा राहिला.

"यल्ला वहिनी! यल्ला श्रीकांत! चला, अल ऐनला जाऊ. तिथे गर्दी नाही, रस्ते मस्त."

"अरे, मी शाळेनंतर सायकलला हात नाही लावलेला," मी म्हटलं.

"सायकल विसरत नाही कुणी. विसरलात तर मी आहे ना मागे."

असं ते सुरू झालं. दर शुक्रवारी अल ऐन. दोन हिवाळे गेले आणि आम्ही तिथल्या जेबेल हफीत डोंगराचा घाट अर्ध्यापर्यंत चढायला लागलो. तोपर्यंत फ्रान्सिसच्या हॉटेलात कुणीतरी एक माहितीपत्रक ठेवून गेलं होतं : सायप्रस, भूमध्य समुद्रातलं बेट, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत गाइडबरोबर सायकलने, मध्ये डोंगर. श्रीकांतने दिरहम मोजले, मग रुपये करून बघितले आणि म्हणाला, "खलास. गेली या वर्षीची इंडिया ट्रिप." पण हसत होता. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "सायकल? या वयात? आणि विमानाने जाऊन?" फ्रान्सिसची बायको फिलोमिना तेव्हा बाळंतपणासाठी वसईला होती. तिने नवऱ्याला परवानगी दिली ती एका अटीवर : वहिनींच्या नजरेसमोर राहायचं. आमची ऋचा आठ वर्षांची. तिला शेजारच्या कुटुंबाकडे ठेवलं आणि बकरी ईदच्या सुट्टीला जोडून निघालो.

पहिले दोन दिवस काय सांगू... वाळवंटात राहून राहून डोळ्यांना हिरवं बघायची सवयच उरली नव्हती. लिंबांच्या बागा, बदामाची झाडं, रस्त्याकडेला नुसती पिवळी फुलं. गावातल्या बायका अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या, आम्हाला बघून हात करायच्या. आमचा गाइड आन्द्रेआस, तिथलाच तरुण, पुढे असायचा. बाकी चार-पाच युरोपियन मंडळी, त्यात एक आयरिश नर्स. आम्ही तिघं मागे. आणि मधोमध फ्रान्सिसचं गाणं. आयरिश नर्सने त्याचं नावच 'रेडिओ' ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी डोंगर लागला. सामानाची व्हॅन रोज आमच्या मागे असायची, पण त्या दिवशी छोट्या रस्त्यावर दरड आली होती. सायकली कडेकडेने निघाल्या, व्हॅनला मात्र हमरस्त्याने मोठा वळसा घालून मुक्कामाच्या हॉटेलवर जावं लागलं. दुपारी पाइनच्या झाडीत जेवायला थांबलो. ऊन छान होतं. मी घरून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी काढली. आन्द्रेआस चटणी ब्रेडला लावून खात होता आणि डोळ्यांतलं पाणी पुसत "गुड, गुड" म्हणत होता.

जेवण झाल्यावर मी बाकावर आडवी झाले. इतकी गाढ झोप लागली... श्रीकांत शेजारीच बसला होता. त्याने माझा तोंड उघडं टाकून झोपलेला फोटोसुद्धा काढला. तो अजून अल्बममध्ये आहे, म्हणून हे सांगतेय. मी तिथेच होते. स्वप्न पडलं नाही, काही दिसलं नाही. जागी झाले ती एकदम ताजी होऊन, लहानपणी दुपारी झोपून उठल्यावर वाटायचं तशी.

मग उतार सुरू झाला आणि हवा फिरली. बघता बघता धुकं उतरलं. त्यात बारीक, बोचरा पाऊस. शारजातून गेलेल्या आमच्या बोटांना ती थंडी माहीतच नव्हती. ब्रेक दाबतोय की नाही तेही कळेना. आन्द्रेआस ओरडून सांगत होता, "स्लो, स्लो!" पुढे धुक्यात फ्रान्सिस गात होता. त्याच्या आवाजाच्या अंदाजानेच मी चालले होते.

आणि गाणं मध्येच तुटलं.

एका वळणावर खडी पसरली होती. सायकल रस्त्यावर, फ्रान्सिस खाली उतारावर एका झाडाला अडकलेला. मांडीचं हाड मोडलेलं दिसतच होतं आणि रक्त थांबत नव्हतं. नर्सने स्वतःचं जॅकेट फाडून करकचून बांधलं. श्रीकांतने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फ्रान्सिस पांढराफटक, दात वाजत होते, आणि मला म्हणतोय, "वहिनी, फिलोला सांगू नका हां एवढ्यात..." मी त्याचे हात चोळत बसले. नजरेसमोर ठेवीन म्हणून शब्द दिलेला, आणि माझ्या नजरेसमोर हा माणूस थंड पडत चालला होता.

आन्द्रेआसच्या मोबाइलला रेंज नाही. जवळचं गाव बरंच खाली. नर्स त्याच्या कानाशी काहीतरी बोलली, त्याचा चेहरा उतरला. तो सायकलवर बसला, स्वतःच खाली जायला निघाला... तेवढ्यात खालून इंजिनचा आवाज आला.

धुक्यातून दोन पिवळे दिवे. जुनाट पिकअप. त्यातून एक म्हातारा उतरला, इकडेतिकडे न बघता मागचं फळकं खाली केलं. आत ब्लँकेटं होती आणि एक लाकडी दार. खरंखुरं दार, बिजागऱ्यांसकट उचकटून आणलेलं. स्ट्रेचर म्हणून!

त्या वेळी कुणाला काही विचारायचं सुचलं नाही. फ्रान्सिसला दारावर घेतलं, ब्लँकेटात गुंडाळलं, नर्स आणि श्रीकांत मागे बसले. म्हातारा गाडीत चढता चढता माझ्यापाशी थांबला. इंग्लिश चांगलं बोलत होता. पुढे कळलं की तो बरीच वर्षं लंडनला होता.

"मॅडम, तुम्ही माझ्या आधी वर कशा पोचलात?" म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, गाडीत बसा म्हणून."

मला वाटलं, गोंधळलाय बिचारा. मी नुसतं "थँक यू, थँक यू" करत राहिले.

गाडी गेली. आम्ही सायकली हातात धरून खाली चालत निघालो; वळणाच्या जरा खाली एक पडकं चॅपेल, छोटंसं चर्च, लागलं. गावात पोचलो तर फ्रान्सिसला अँब्युलन्समधून शहराच्या हॉस्पिटलात नेलंही होतं. अँब्युलन्स निम्म्या वाटेवर येऊन भेटली म्हणे, म्हाताऱ्याने डोंगर चढण्याआधीच बायकोला फोन करायला बसवलं होतं.

त्यांचं गावात छोटं कॉफीचं दुकान होतं. यानी आणि एलेनी. दुकानाला दार नव्हतं, चौकटीवर चादर लावलेली. आत शेगडी पेटलेली, मोठ्या पातेल्यात सूप उकळत होतं, आमच्या सगळ्यांना पुरेल एवढं. मी आत पाऊल टाकलं आणि एलेनीबाई धावत आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि ग्रीकमध्ये मला चक्क रागवायला लागल्या!

मी आन्द्रेआसकडे बघितलं. त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"ती म्हणतेय, परत पावसात कशाला गेलीस? आलीस तेव्हा किती छान कोरडी होतीस."

"मी? कधी?"

आन्द्रेआसने विचारलं. बाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. दुपारी ते दोघं जेवायला बसत असताना मी आले होते म्हणे. याच निळ्या जॅकेटमध्ये. कपाळावर लाल टिकली होती, त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवलं. (मी टिकली लावते, पण त्या दिवशी लावली नव्हती. टिकल्यांचं पाकीट व्हॅनमधल्या बॅगेत होतं.) बसा म्हटलं तर बसले नाही. शांतपणे सांगितलं, "पडक्या चॅपेलच्या वरच्या वळणावर गाणारा माणूस पडलाय. मांडी मोडलीये. उचलायला काहीतरी घेऊन जा." आणि यानी दार काढायला हत्यारं शोधत होते तेवढ्यात मी निघून गेले. दार उचकटायला आणि जुनी गाडी सुरू व्हायला त्यांना पुढे तास-दीड तास लागला म्हणे.

गाणारा माणूस. त्या गावात फ्रान्सिसला कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. आम्ही तिथे पोचलोच नव्हतो. आणि ते जेवायला बसत होते तेव्हा फ्रान्सिस पडलाही नव्हता... मी बाकावर झोपले होते आणि तो माझ्या चटणीबरोबर शेवटची पुरी खात होता!

मी यानींना विचारलं, "मी तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलले?"

"इंग्लिशमध्ये," ते पटकन म्हणाले.

आन्द्रेआसने ते एलेनीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काहीतरीच काय, ग्रीकमध्ये बोलली, मला इंग्लिश कुठे येतं? मग नवरा-बायकोची जुंपली. यानी हात उडवून सांगतायत, बाई कमरेवर हात ठेवून सांगतायत... आणि एकदम दोघंही माझ्याकडे वळले.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. एलेनीबाईंनी माझ्या हातात सूप दिलं, पाठीवर कोरडा टॉवेल टाकला. मला फक्त खूप बरं वाटलं. घरी आल्यासारखं.

फ्रान्सिस वाचला. पायात सळई घातली. अजून थोडं उशिरा आला असता तर नुसता पाय नव्हे, माणूसच गेला असता, असं डॉक्टर श्रीकांतला म्हणाले. श्रीकांत त्याच्यापाशी थांबला. मीही थांबणार होते, पण शुद्धीवर आल्यावर फ्रान्सिसने फोनवर बजावलं, "वहिनी, तिघांतलं एक जण तरी समुद्राला पोचलंच पाहिजे." मग मी उरलेली टूर पूर्ण केली आणि पूर्व किनाऱ्यावर सायकलसकट पाण्यात उभी राहिले. मे महिन्यात वसईला फ्रान्सिसला मुलगी झाली. तो कुबड्या घेऊन बाप्तिस्म्याला गेला. आजही मला म्हणतो, "वहिनी, चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावून आलो." मी म्हणते, "अरे, मी जिवंत आहे अजून!"

श्रीकांतने खूप डोकं लढवलं. सायप्रसमध्ये घरकामाला श्रीलंकेच्या बायका असतात, त्यांतली कुणी आली असेल. त्या वळणावर लोक नेहमीच पडत असतील. मला दोन्ही पटायला हवं होतं. पण आन्द्रेआसने गावात चौकशी केली, तशी कुणी बाई आसपास नव्हती. आणि असती तरी गाण्याचं तिला कुणी सांगितलं? तेही तो पडण्याआधीच? इथे आला की श्रीकांतही चहा मागतो.

चार वर्षांनी आम्ही ऋचाला घेऊन मुद्दाम त्या गावात गेलो. दुकान तसंच होतं. यानी आता कमी ऐकायचे, बाहेर उन्हात बसले होते. एलेनीबाई आतून आल्या, मला बघून थबकल्या. मग सावकाश जवळ आल्या, माझा दंड धरला आणि जोरात चिमटा काढला. मी "आई गं!" ओरडले, तशा खळखळून हसल्या आणि मिठीच मारली.

ऋचा बघतच राहिली. "आई, व्हाय इज शी पिंचिंग यू? डझ शी नो यू?"

"हो," मी म्हटलं. "आमची भेट व्हायच्या आधीपासून ओळखते."

"बट हाऊ?"

दंड चुरचुरत होता. मी लेकीला खरं तेच सांगितलं, माहीत नाही बाळा. आजही नाही.