‘पाटी दे गं’चं चौथं कडवं

वसंता गेला हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. सकाळी शाळेत शिकवायला निघाले होते, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या तालमीनं कर्ण्यावर त्याची तबकडी लावली... ‘दवंडी पार्टीची गाजलेली गाणी’. ना सण, ना लग्न, तरी एक बाजू संपून दुसरी लागली, तेव्हा सगळ्या शिवाजी पेठेला काय ते समजलं. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं आणि मी चप्पल अडकवून चालू लागले. आता पेपरच्या पुरवणीसाठी त्याच्यावर चार चांगले शब्द लिहा, असा निरोप आला आहे. आठवतात तेवढे चांगले आधी लिहून टाकते.

आवाज खणखणीत होता. अंगात मेहनत होती. माझे वडील, आबा, गवंडी. कामावर बायका रांग धरून खालून वर चुन्या-विटांच्या पाट्या द्यायच्या आणि आबा परांचीवरून गाणं म्हणायचे, म्हणजे सगळ्यांचे हात एका ठेक्यात चालत. गाणी त्यांची स्वतःची. ‘पाटी दे गं’ त्यातलंच. वसंता त्यांच्या हाताखालचा गडी. विटा भिजवता भिजवता तो ती गाणी शिकला आणि आमच्याच चुलीपुढं जेवला. पुढं त्यानं चार मित्र जमवले, बेंजो, बोंगो आणि अ‍ॅकॉर्डियन आणलं आणि पार्टी काढली. हळदीला, गणपतीला लोक बेभान नाचायचे. आबाही कौतुकानं जायचे. ‘‘माझं गाणं पळाय लागलंय की!’’ म्हणायचे. तोवर माझी काही तक्रार नव्हती. चांगलं इथं संपलं.

गाणं रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव आणि ठिकाण घालायचं, ही आपल्याकडची रीत. आबांना लिहिता येत नव्हतं; ते कडवं हीच त्यांची सही. ‘पाटी दे गं’ची कडवी चार. मुंबईच्या कंपनीनं पार्टीची तबकडी काढली, तिच्यावर आली तीन.

ती तबकडी आम्ही बापलेकीनं शेजारच्या मास्तरांकडे ऐकली. तिसरं कडवं संपलं, अ‍ॅकॉर्डियन वाजलं, आबांनी बशी खाली ठेवून कान दिला... आणि दुसरंच गाणं सुरू झालं. ‘‘मास्तर, सुई सरकली व्हय?’’ मास्तरांनी सुई उचलून परत लावली. परत तीनच. मी कव्हर वाचलं. गायक वसंता, संगीत वसंता, गीत पारंपरिक.

‘‘पारंपरिक म्हंजी काय गं?’’

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, तेही मराठी घेऊन. लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो, हे वाक्य मी पेपरात लिहून गुण मिळवलेले. तेच सांगितलं, ‘‘म्हंजे कुणी रचलं ते ठावं न्हाई.’’

‘‘मग इचारायचं की! मी काय परगावी गेलतो?’’

मास्तर हसले, आबाही हसले... पण त्यानंतर कामावर त्यांनी ते गाणं धरलं नाही. बायका मागं लागल्या की म्हणायचे, ‘‘तबकडीवर ऐका जावा.’’

मी वसंताला गाठलं. ‘‘अगं ताई, तीन मिन्टात बसंना. काय तर कापायलाच लागतंय.’’

‘‘मग अ‍ॅकॉर्डियन कापायचं हुतंस.’’

‘‘आन पारंपरिक म्हटलं की कसं वजन येतंय! कोंडिबा गवंडी मुंबईत कुणाला ठावं हाय? फुडच्या खेपंला घालतो की.’’

पुढची खेप यायच्या आत आबा गेले. त्यांच्या दिवसाला वसंता आला, रडला, सगळ्यांसमोर ‘पाटी दे गं’ म्हणाला. तिथंही तीनच कडवी. लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत.

शेवटची भेट त्याच्या कळंब्याच्या बंगल्यात. त्यानंच बोलावलं होतं. खाटेवर पडून होता, खोकत होता. ‘‘ताई, चौथं कडवं सांग की. जुन्या गाण्यांची कॅसेट निघतीया. तिनाची सवय झाली, पार इसरलो बघ.’’

ज्याच्यापायी एवढं झालं ते हा विसरूनही बसला होता! मी म्हटलं, ‘‘आधी कव्हरवर आबांचं नाव छापून आण, मग सांगते.’’

‘‘छापतो की. इस्वास न्हाई व्हय?’’

‘‘न्हाई.’’

कॅसेट निघाली. तीनच कडवी, गीत पारंपरिक. मी सांगितलं असतं तर त्यानं घातलं असतं का? नसतं, असंच मला वाटतं. पण खात्रीनं म्हणता येत नाही, आणि आता विचारायला तो नाही. गाणं तीन कडव्यांवर थांबवण्यात एक हात माझाही लागला, हे कबूल करते. वसंताला माफ केलेलं नाही. ते होणारही नाही.

त्याच्या पार्टीतली पोरं अजून गाणं तसंच म्हणतात, तिसऱ्याला टाळी घेऊन उठतात. चौथं येणारी पेठेत आता मी एकटी. म्हणून ते इथं देते. संपादकांना जागा कमी पडली तर त्यांनी वरचं सगळं खुशाल कापावं. एवढं कापू नये.

ओळंबा काढला, भिंत झाली पुरी,
पाट्या रिकाम्या गं, जावा आता घरी.
कोंडिबा गवंडी, पेठ शिवाजीची,
भिंत त्याच्या हातची, सावली तुमची.