बेरिलसाठी पांढरा अजगर

क्लॅरी बोडनॅमनं एकतीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनच्या कत्तलखान्यात सुरी चालवली, पण घरी अजगराला न्हाऊ घालताना त्याचा हात बाळंतिणीच्या आईसारखा हलका. गॅरेजात अजगरांची पिंजऱ्यावर पिंजरे रचलेली चाळच होती म्हणा ना! पिल्लं निघाली की त्याची बायको बेरिल अंगावरची नक्षी बघून त्यांना नावं द्यायची. कुणी फुटकी बशी, कुणी सांडलेला चहा, तर एक चक्क तिची नणंद!

मग बेरिलची नजर गेली. पार अंधार नव्हे, पण नक्षी संपली. काळ्यावर पांढरं ठेवलं तर तेवढं कळायचं.

क्लॅरीनं मनाशी पक्कं केलं, की हिला दिसेल असा साप पैदा करायचा.

त्याच्याकडे जॅग्वार नक्षीची जोडी होती, पिवळ्याधमक अंगावर तुटक काळे ठिपके. असल्या दोघांची जोडी लावली की चारातलं एखादं पिल्लू पांढरंशुभ्र निघतं. सापवाल्या मंडळींत हे सगळ्यांना ठाऊक, आणि असली जोडी कुणी लावत नाही, हेही.

"मरतात रे ती," शेजारचा नेव्ह म्हणाला. "नक्षी आईबाप दोघांकडून आली की फुप्फुसं धड होत नाहीत. पांढरंच हवं तर ससा पाळ, म्हाताऱ्या!"

"अंड्यात गुदमरतात. कवच फोडायची ताकद नसते बिचाऱ्यांत. मी आधीच कापून देईन."

"आणि श्वासही तूच घेशील?"

क्लॅरीनं ऐकलं नाही. एकोणीस अंडी उबवणीच्या पेटीत ठेवली. चोपन्नाव्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर दिसली, तसा तो नखं कापायची कात्री घेऊन बसला. अठरा अंडी कापली. पाचांत पांढरी पिल्लं होती. चार गार पडलेली. पाचवं वळवळलं.

तो धावतच स्वयंपाकघरात गेला. बेरिलच्या काळ्या एप्रनवर त्यानं ते पिल्लू ठेवलं.

"दिसलं!" ती ओरडली. "क्लॅरी, अरे दिसलं मला! शेपटीचं टोकसुद्धा!"

पिल्लानं दोनदा मोठा आ केला. तिसऱ्यांदा केला नाही.

"दमलं का रे?"

"झोपलंय."

बेरिलनं बोटानं त्याची पाठ चाचपली, मग हनुवटी. "झोपलेली शेकडो धरलीत मी. हे झोपलेलं नाही."

क्लॅरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"बाकीची?"

"पांढरी सगळी गेली."

"तुला माहीत होतं?"

"नेव्हनं सांगितलं होतं."

क्लॅरीनं पिल्लू उचलायला हात पुढं केला, तसा तिनं तो बाजूला सारला.

"राहू दे," ती म्हणाली. "आता कुठं पळतंय? नीट बघून घेते." आणि नाक टेकेल इतकी खाली वाकली.