सुपडूला दम लागला तेव्हा

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात आमची कंपनी काश्मीरच्या वरच्या अंगाला एका बर्फाळ पोस्टवर होती. मी लान्सनाईक. कुक सुपडू धुळ्याकडचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्यावर त्याला सुपात घातलं, त्यावरून नाव. अशा लेकराला आई घासावर घास भरवते. सुपडू अंगाने भरलेला होता. पोस्टवर त्याला हाथी म्हणत.

मला हे नवं नव्हतं. भडगावला मीही असाच होतो. बाजारच्या दिवशी पोरांनी मला कापसाच्या टांगत्या काट्यात बसवलं, दुसऱ्या पारड्यात मापं चढवली. मास्तर बघून हसले. मीही हसलो. जाड पोरगं आधी स्वतः हसतं, म्हणजे मार कमी बसतो. सातवीतच शाळा सोडली. जळगावच्या डाळमिलमध्ये पोती वाहून अंग उतरलं, मग भरती झालो. फौजेने पोटाला दिलं, मान दिला. ते उपकार विसरलेलो नाही. तरी हे लिहितोच.

सुपडू रजेवरून पोस्टवर चढून आला आणि दुसऱ्या सकाळी त्याला खोकला लागला. किटली उचलतानाही दम लागत होता. हवालदार म्हणाला, घरचं तूप अंगावर आलंय. सगळे हसले. सुपडूही हसला. ते हसू मी ओळखत होतो. त्याचे ओठ निळे पडले होते. मी त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, साहेबले सांगू नका. बठ्ठा हासतीन." सगळे हसतील, याचीच त्याला भीती.

मी हवालदाराला सांगितलं.

"मोटा है, हाँफेगा ही. चूल्हा जलवाओ."

त्याला डावलून मी थेट सुभेदार साहेबांकडे गेलो. फौजेत ही साधी गोष्ट नाही. साहेबांनी सुपडूच्या छातीला कान लावला आणि वायरलेस सेट हातात घेतला.

"कॅज्युअल्टी एक. छाती में पानी. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"मौसम खराब. पैदल उतारो. ओव्हर."

आम्ही चौघांनी स्ट्रेचर उचललं. एकजण वजनावरून काही पुटपुटला. मी म्हणालो, आता कोणी हसला तर दात पाडीन. खालचा डॉक्टरांचा तंबू दिसू लागला तेव्हा सुपडूचा श्वास थांबला होता. उंचीमुळे छातीत पाणी झालं, सकाळीच खाली उतरवायला हवा होता, डॉक्टर म्हणाले. वर परतून हे सांगितलं, तेव्हा हवालदाराने मान खाली घातली. मी त्याच्याशी पुन्हा कामापलीकडे बोललो नाही.

आता सुरतेत एका शाळेच्या गेटवर पहारा करतो. कोणी एखाद्याला जाड म्हणून चिडवलं तर पोरांनाच काय, मास्तरांनाही अडवतो. नोकरी जाईल ही धाकधूक असतेच. लोक समजावतात, फौजी, थट्टा आहे ती.

थट्टेतच आमचा सिपाही सुपडू गेला. वय बावीस.